टॉपनॉट (मासा): मराठीत काय म्हणायचं?

चपट्या माशांवरचा एक मजकूर मराठीत करतेय, त्यात टॉपनॉट आलाय आणि गाडी तिथंच अडलीय. डिक्शनरीत बघितलं तर डोक्यावर बांधलेली केसांची गाठ म्हणजे बुचडा, नाहीतर पक्ष्याच्या डोक्यावरचा तुरा. पुढच्याच ओळीत नॉर्वेजियन टॉपनॉट, ही वेगळी जात, जेमतेम 12 सेंटीमीटरची, आता त्याला 'नॉर्वेचा बुचडा' लिहिलं तर वाचणाऱ्याच्या मनात मासा येणारच नाही. शेंडीमासा चालेल का?

उत्तर: शेंडीमासा नको हो. शेंडी म्हटलं की डोक्यावर सुटं उभं राहिलेलं नाहीतर मागे लोंबणारं काहीतरी दिसतं, आणि या माशाला तसं काही नाही. पाठीवरचा पर थेट डोळ्यांच्या पुढून, तोंडाजवळूनच सुरू होतो आणि शेपटीपर्यंत जातो, त्याला शेंडीपेक्षा झालर हा शब्द बसतो.

माझं मत विचाराल तर 'लेप' घ्या. चपट्या माशांना लेप, लेपा, लेपटी म्हणतातच, आणि या माशाला तर तो शब्द इतर कुठल्याही चपट्या माशापेक्षा जास्त शोभतो. बाकीचे बहुतेक वाळूत नाहीतर चिखलात अंग पुरून पडतात, हा मात्र खडकाळ तळावरचा, उभ्या कपारीला चिकटून बसतो, कधी पुढे आलेल्या खडकाच्या पोटाला खालून, म्हणजे चक्क उलटा. तपकिरी अंग, त्यावर गडद डाग, डोळ्यांवरून गेलेला काळसर पट्टा, खडकावर हाताने लिंपून ठेवल्यासारखा दिसतो. लेप म्हणजे लावलेला थर हा अर्थ इथं आपोआप जागा होतो.

दुसरं उत्तर: लेपला माझाही पाठिंबा, पण टॉपनॉटचं शास्त्रीय नाव बघा, झ्यूगॉप्टेरस पंक्टेटस. पंक्टेटस म्हणजे ठिपकेवाला, ते सोपं आहे. मजा झ्यूगॉप्टेरसमध्ये आहे. ग्रीक झ्यूगॉस म्हणजे जोडी, बैलांची जोडी, आणि टेरॉन म्हणजे पंख किंवा पर. हा झ्यूगॉस आणि संस्कृतातला 'युग' एकाच मुळाचे, आणि त्या 'युग'वरूनच आपल्या बैलांच्या मानेवरचं 'जू' आलं. म्हणजे नावाचा अर्थ झाला परांना जू घातलेला, आणि माशात खरंच तसं आहे, पोटाजवळचे पर मागच्या गुदपराला जोडलेले असतात. मला तर 'जूपर' असा शब्द करावासा वाटतो पण पहिल्यांदा वाचणाऱ्याला तो उलगडणार नाही हेही कळतं, तेव्हा शब्द नको, एक ओळ माहिती द्या.

प्रश्नकर्ती: जू मनापासून आवडलं, ती ओळ टाकतेच. अजून एक, 'लेफ्ट-आइड'ला डावखुरा लिहिलं होतं, ते खटकतंय.

उत्तर: खटकायलाच हवं, डावखुरा म्हणजे डाव्या हाताने काम करणारा. इथं गोष्ट वेगळी आहे, पिल्लू असताना दोन्हीकडे एकेक डोळा असतो, मग उजवा डोळा सरकत डावीकडे येतो आणि उजवी बाजू खडकाकडची होते. 'दोन्ही डोळे डाव्या अंगाला' असं सरळ लिहा. टर्बट आणि ब्रिल त्याच कुळातले, तेही तसेच.

प्रश्नकर्ती: मग असं करते: "टॉपनॉट हा ईशान्य अटलांटिकमधला, नॉर्वेपासून बिस्केच्या उपसागरापर्यंत आढळणारा खडकाळ तळावरचा लेप. लांबी फार तर 25 सेंटीमीटर. दोन्ही डोळे डाव्या अंगाला." पुढे नुसतं टॉपनॉट. विभक्ती लावताना टॉपनॉटाचा की टॉपनॉटचा?

दुसरं उत्तर: टॉपनॉटचा. आणि लेपाचा.