मदत हवी आहे: कॉलेज बेसबॉलसाठी पिचरमध्ये नेमके काय पाहतात?

नमस्कार मंडळी,

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. आमचा मुलगा हायस्कूलच्या बेसबॉल संघात उजव्या हाताने पिचिंग (फलंदाजाला चेंडू टाकणे) करतो आणि त्याचा फास्टबॉल, म्हणजे सर्वात वेगवान चेंडू, ताशी 83 मैलांच्या आसपास जातो. क्रिकेटवर पोसलेल्या मला हा वेग पुरेसा वाटतो, परंतु डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज क्रीडास्पर्धांच्या सर्वोच्च स्तरावरच्या, कॉलेजांत उजव्या पिचरकडून साधारण ताशी नव्वद मैलांची अपेक्षा असते. त्यातच 2025 पासून खेळाडूंना थेट मोबदला देण्याच्या नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या कॉलेजांच्या संघात 34 खेळाडूंचीच मर्यादा आल्यामुळे चुरस वाढली आहे.

माझा खरा प्रश्न वेगापलीकडचा आहे. चेंजअप (फास्टबॉलसारखाच भासणारा पण संथ चेंडू) टाकताना त्याचा हात किंचित मंदावतो आणि चांगला फलंदाज ते लगेच हेरतो. उलट त्याच्याच संघातील एक डावखुरा मुलगा, वेग कमी असूनही, चेंजअप टाकतानाही हात फास्टबॉलच्याच झपाट्याने फिरवून फलंदाजांना चेंडू पोहोचण्याआधीच बॅट फिरवायला लावतो. पहिलाच चेंडू स्ट्राइक (फलंदाजासमोरच्या ठरावीक टप्प्यात) टाकणे, धावपटू बेसवर असताना न डगमगणे, अशा गोष्टींना प्रशिक्षक प्रत्यक्षात किती महत्त्व देतात?

वेग वाढवण्यासाठी जड चेंडूंचा सराव सुचवला जातो, पण कोपराच्या दुखापतीची धास्ती वाटते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला कमाल 105 पिचेसची (टाकलेल्या चेंडूंची) शिफारस आहे. तीत सरावातील चेंडू मोजले जात नाहीत, हे मला खटकते.

ज्यांची मुले कॉलेजात पिचिंग करतात, त्यांनी शेवटच्या दोन वर्षांत वेग, नियंत्रण आणि विश्रांती यांचा मेळ कसा घातला, हे कृपया सविस्तर लिहावे.