अनुभव धागा: वचनाच्या शेजारी पेन्सिलीने लिहिलेलं

छावनीची लेक:
घर रंगवायला काढलंय, म्हणून माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. तिच्यात आजीचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. पुठ्ठा सुटलेला, पानांत कडुलिंबाचा चुरा. हातात घेतलं तर आपोआप स्तोत्र 23 वरच उघडलं, इतकं ते पान हाताळलेलं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही.' समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात, 'डिसें. 91, गिरणी बंद.' आणि त्याखाली एकच शब्द, 'कसे?'

मी तिथेच फरशीवर बसले. दर शुक्रवारी आमच्या बाहेरच्या खोलीत बायबल अभ्यास व्हायचा, सतरंजी अंथरायचं काम माझं. कोणी शंका काढली की एक काका डोळे वटारायचे, म्हणून मी कधी तोंड उघडलं नाही. आणि प्रार्थना केल्याशिवाय चहाला हात न लावणाऱ्या आजीने थेट वचनालाच विचारलंय! परक्याला कोणी 'कसे?' विचारत नाही हो, आपल्या माणसालाच विचारतो. मला तर हा तिचा विश्वासच वाटतो.

तुम्ही कुठल्या वचनाशी अडलात, भांडलात? लिहा ना.

स्नेहलतागंज:
अगं, डोळे भरले. इथे इंदूरला आमच्या चर्चमध्ये सगळं हिंदी, घरी आजोबांचं मराठी. रविवारी 'यहोवा मेरा चरवाहा है' आणि रात्री 'परमेश्वर माझा मेंढपाळ'. लहानपणी मला हे दोघं वेगळे वाटायचे, आणि मराठीतला जास्त जवळचा. अजूनही घाबरले की प्रार्थना मराठीतच निघते. कुकर झाला, येते नंतर.

मार्था:
नाव मुद्दाम घेतलंय, आईसाठी. 15 माणसांचे पोहे, वर जिरावन मसाला, दोनदा चहा, आणि कान सगळे बाहेरच्या खोलीत. लूक 10 मध्ये मार्था राबत असते, मरीया पायाशी बसून ऐकत असते, आणि येशू म्हणतो मरीयेने चांगला वाटा निवडला. ते ऐकून आई झारा हातात घेऊनच बाहेर आली. 'मग पोहे कोण करणार?' सगळे गप्प. पुढच्या शुक्रवारी अभ्यास घेणारे दादा आधीच आले, कांदे चिरायला बसले, आणि तोच अध्याय पुन्हा स्वयंपाकघरात वाचला. आईने त्या दिवशी पहिल्यांदा बसून ऐकलं.

सुदामानगर:
जिरावन घरचं की सराफा बाजारातून?

मार्था:
घरचं. धणे, जिरं, बडीशेप भाजून, मग सुंठ, आमचूर, काळं मीठ, हिंग. लवंग जपून घाल.

रामबागकर:
मी ख्रिस्ती नाही, पण लिहितो. शेजारच्या ख्रिस्ती घरात पेटीवर गाणी चालायची आणि आमची आजी इकडे टाळ्या धरायची, तिला वाटायचं तुकोबांचा अभंग आहे. पुढे कळलं, ती गीतं नारायण वामन टिळकांची. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग-ओवी काही सोडली नाही माणसाने. ताई, तुमचं शास्त्र पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचं आहे का? साध्या बायकांना कळावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळावरून मराठी केलं. 1922 मध्ये गेल्या, पुस्तक 1924 मध्ये आलं. केडगावला मुक्ती मिशनच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे बायकाच जुळवायच्या.

छावनीची लेक:
पहिलं पान गेलंय दादा, नाहीतर बघून सांगितलं असतं.

प्राजक्त:
एप्रिल 2021 मध्ये हे गेले. फोनवर जो तो रोमकरांस पत्राचा 8 वा अध्याय ऐकवायचा, देवावर प्रीती करणाऱ्यांचं सगळं मिळून भलंच होतं म्हणून. वचन खरं असेल. मला त्या महिन्यात ते ऐकवत नव्हतं. शेजारच्या वहिनी रोज दुपारी मास्क लावून दारात बसायच्या, माझ्या ताटातले तांदूळ निवडायच्या आणि जायच्या. एक शब्द नाही. नंतर बायबलातलं ईयोबाचं पुस्तक वाचलं. त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले होते. तोवर त्यांचं बरोबर होतं. बोलायला लागले तिथे चुकले.

सुदामानगर:
ताई, जवळ असते तर आत्ता येऊन बसले असते.

पलासियाचा:
आम्ही कॅथलिक. आमच्या बायबलात पुस्तकं 73, तुम्हा प्रोटेस्टंटांच्या 66, ते राहू दे. माझं अडलेलं वचन मत्तय 18, सत्तर वेळा सात क्षमा. भावाने जमिनीत फसवलं, 11 वर्षं बोललो नाही. सिस्टर राणी मारिया उदयनगरकडे शेतमजुरांच्या बाजूने उभ्या राहिल्या, 25 फेब्रुवारी 1995 ला त्यांना बसप्रवासात भोसकून मारलं. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारणाऱ्याला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 ला इथे इंदूरला राणी मारियांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं, मी मंडपात होतो. घरी येऊन भावाचा नंबर काढला. अजून लावलेला नाही, पण पुसलेलाही नाही.

स्नेहलतागंज:
लावा दादा. आजच.

जुनी पानं:
छावनीताई, त्या पानांना सेलोटेप अजिबात लावू नका. पिवळा पडतो आणि सुटताना अक्षरं घेऊन निघतो. मैद्याची पातळ खळ आणि टिश्यूसारखा पातळ कागद घ्या, वर वजन ठेवून रात्रभर सुकू द्या.

छावनीची लेक:
बरं झालं सांगितलंत, टेप हातात होता. आणि ऐका, आत्ता आईला पान दाखवलं. ती म्हणाली, हे आजीचं अक्षर नाही. आजी जुन्या वळणाची, ती 'कसें' असं वर टिंब देऊन लिहायची. हे बाबांचं. बाबा गिरणीत होते, हिशेबाची पेन्सिल कायम कानावर. पण शुक्रवारी ते कधी आत आले नाहीत, अभ्यास संपेपर्यंत बाहेर ओट्यावर बसायचे. मी आजवर समजत होते की त्यांना यातलं काही नकोच आहे.

मार्था:
बाबा आहेत ना गं?

छावनीची लेक:
आहेत. ओट्यावरच बसलेत. पुस्तक घेऊन जाते त्यांच्याकडे.