तिथी, भरती की हवामान : गोव्यात गळ टाकायला निघताना आधी काय बघायचं?

सुकतीकर, पर्वरी (धागा सुरू करणारा)

पाऊस ओसरला की आमच्या गळवाल्यांच्या गटात एकच प्रश्न सुरू होतो, 'ह्या पुनवेला जायचं का?' मग कोणी पंचांगाच्या पानाचा फोटो टाकतं, कोणी मासेमारीच्या ॲपने त्या दिवसाला किती तारे दिलेत ते सांगतं. वारा कुठला, दर्या कसा आहे, हे विचारणारा एखादाच. हा क्रम उलटा आहे असं माझं ठाम मत आहे.

माझा क्रम असा : आधी हवामान, आणि ते नाही म्हणालं की विषय संपला. त्यानंतर ज्या जागी बसणार त्या जागेची भरती-सुकती (सुकती म्हणजे ओहोटी). चंद्र तिसरा, तोही दोनच गोष्टींसाठी. पाणी किती ओढणार आणि रात्री उजेड किती असणार. 'अमुक तिथीला मासा भुकेलेला असतो' हे मी हिशेबात धरत नाही.

पुनव-अवसेला उधाण (मोठी भरती-सुकती) आणि अष्टमीच्या सुमारास भांग (लहान भरती-सुकती), हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सर्वांत मोठं उधाण बहुधा पुनवेच्या दिवशी नसतं, एक-दोन दिवस मागाहून येतं. उधाणात मुरगावला भरती आणि सुकतीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो, भांगात त्याच्या निम्माही पडत नाही. मुंबईचं कोष्टक बघून इथे गळ टाकू नये, कारण भरती दक्षिणेकडून वर सरकते आणि आपल्याकडे ती मुंबईच्या आधी होते. तसंच मुरगावचं कोष्टक बघून रायबंदरला किंवा बोरीच्या पुलाखाली जाऊ नये. नदीत जितकं आत जाल तितकी वेळ मागे पडते, आणि मांडवीत तर पाण्याची चढउतार मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत पोचते.

मासा वाहत्या पाण्यात खातो. सुकती जोरात लागली की पुलाच्या खांबाकडे नीट बघा. एका अंगाला पाणी आदळून वर चढतं, दुसऱ्या अंगाला मंद पाण्याची चिंचोळी पट्टी पडते आणि तिच्या दोन्ही कडांना भोवरे फिरत असतात. चोणक, तांबोशी त्या कडेला तोंड प्रवाहाकडे करून उभे असतात. वाहत आलेलं सुंगट (कोळंबी) किंवा लहान शेवटा मासा उचलायचा आणि परत त्या मंद पट्टीत शिरायचं. पाणी थांबलं की ती पट्टी पुसली जाते आणि मासा जागा सोडतो. त्या अर्ध्या-पाऊण तासात तिथी कुठलीही असो, गळ नुसता लोंबकळतो.

जुना तांडेल, खारीवाडा-वास्को

हवामान पहिलं म्हणतोस, पण अंदाज किती दिवसांचा असतो? चार-पाच दिवसांपलीकडे त्यावर कोण विसंबेल? पंचांग वर्षभराचं असतं. जाळी सांधायची कधी, माणसं कधी बोलवायची, बर्फ कधी सांगायचा, हे सगळं तिथीवर ठरतं. वारा बघायचा तो निघायच्या दिवशी.

भरतीची वेळ काढायला आम्हाला फोन लागला नाही कधी. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पुनवेला सव्वाअकराला पूर्ण भरती. दिवसाची तीच, रात्रीची तीच.

आणि चंद्राला तिसरं स्थान कसं देतोस? काळोख्या रात्री बांगड्याचा थवा पाण्यात हलला की पाणी पेटल्यासारखं चमकतं. ती चमक बघूनच जाळं कुठे सोडायचं ते ठरायचं. चांदण्यात ती चमक दिसत नाही, उलट माशाला जाळं दिसतं. म्हणून आमच्याकडे पुनवेच्या मागच्यापुढच्या रात्री बरेच जण जाळी टाकतच नसत. गटातली पोरं पुनवेला निघतात, ते मात्र मलाही कळत नाही.

सुकतीकर

काका, काळोखाचं तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. 'रात्री उजेड किती' हे त्यासाठीच लिहिलं होतं. माणकी (स्क्विड) पकडणारेही हेच सांगतात : चांदणं असलं की बत्तीला ती जवळ येत नाही.

पाऊणपटीचा हिशेब पुनव-अवसेला मुरगावशी बऱ्यापैकी जुळतो. मधल्या तिथींना मात्र तासभर इकडेतिकडे होतो. तुम्ही होडीत आहात, तुम्हाला तासभर चालून जातं. सुकतीला चालत एखाद्या खडकावर गेलेल्या माणसाची परतीची वाट तेवढ्या वेळात पाण्याखाली जाते. त्याने छापील कोष्टकच बघावं.

मानशीकार, दिवाडी

गळवाल्यांची चर्चा आहे हे दिसतंय, तरी लिहितो, कारण 'चंद्र तिसरा' हे आमच्या खाजनांत (नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांत) लागूच होत नाही.

ज्यांनी मानस पाहिली नसेल त्यांच्यासाठी : मानस म्हणजे बांधातली लाकडी दारं. त्यांना भरतीचं पाणी बाहेरून रेटतं आणि ती आपोआप मिटतात, म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नाही. सुकतीला आतल्या पाण्याचा जोर होतो आणि ती उघडतात. त्या तोंडावर जाळं बांधलं की आतून निघणारं सुंगट, शेवटा, काळुंदर त्यात येतो. पाणी जितकं खाली उतरेल तितका ओढा मोठा, म्हणून आमची मासळी पुनव आणि अवसेच्या भोवतालच्या दिवसांत. भांगाच्या दिवसांत जाळं बांधून उपयोग नाही, दार नीट खेचतच नाही. वारा असो नसो, पाऊस असो नसो, आम्ही तिथी बघूनच मानशीवर जातो.

विषय निघालाच आहे तर एक सांगतो. उधाणाला जास्त मासळी आत यावी म्हणून दारं मुद्दाम उघडी ठेवणारे आहेत. एका रात्रीत खारं पाणी शेतात पसरतं, आणि ते धुऊन निघायला पुढचा पावसाळा लागतो. तिथीचं ज्ञान आहे म्हणून ते कसंही वापरायचं नसतं. मानस आधी शेतीसाठी, मग मासळीसाठी.

रॉडवाला, म्हापसा

मी दुसऱ्या बाजूने बोलतो. ॲपमधल्या ताऱ्यांना तुम्ही सरळ मोडीत काढलंत. ती काही हवेतली गोष्ट नाही. अमेरिकेत जॉन ऑल्डन नाइट यांनी १९२६ मध्ये त्यामागची कल्पना मांडली : चंद्र डोक्यावर असताना आणि बरोबर पायाखाली असताना मासा जास्त खातो, उगवताना-मावळताना त्याहून थोडा कमी. मी शापोरा नदीच्या मुखावर संध्याकाळी बसतो. पुनव-अवसेच्या संध्याकाळी आणि अष्टमीच्या संध्याकाळी सरळ फरक दिसतो. अनुभव खोटा कसा म्हणू?

सुकतीकर

अनुभव खराच आहे. त्याचं कारण मी वेगळं लावतो.

तुम्ही नेहमी संध्याकाळी बसता. गोव्याच्या किनाऱ्यावर पुनव-अवसेला भरती दुपारच्या आधी, साधारण अकराच्या सुमारास होते, म्हणजे संध्याकाळी पाचच्या आसपास पाणी तळाला. दिवस मावळताना नवी भरती मुखातून आत शिरत असते. अष्टमीला ह्याच्या उलट : संध्याकाळी पाचच्या आसपास पाणी भरलेलं, आणि मावळताना सुकती नुकती लागलेली, तीही भांगाची, मलूल. बसायची वेळ तीच ठेवली की तिथी बदलेल तसं पाणी बदलतं. तुमच्या वहीत चंद्राच्या नावावर जे जमा झालंय ते भरतीचं आहे.

पडताळून बघायचं असेल तर पुनवेला सकाळी अकराच्या भरतीला पाणी थांबलेलं असताना बसा. चंद्र तेव्हा जवळजवळ पायाखाली असतो, म्हणजे तुमच्या ॲपला ती वेळ पहिल्या प्रतीची वाटायला हवी. आणि अष्टमीला पहाटेच्या भरतीनंतर पाणी ओढत असताना बसा. दोन्हीकडे काय लागतं ते लिहून ठेवा.

रॉडवाला

बघतो. पण एक सांगा, भरती होते ती चंद्रामुळेच. मग मी तारे बघितले काय किंवा तुम्ही कोष्टक बघितलं काय, फरक कुठे पडला?

सुकतीकर

जागेचा फरक पडतो. शापोऱ्याचं मुख आणि कुंभारजुव्याचा कालवा, दोन्हीकडे ॲप तेच तारे दाखवणार. कालव्याला एका तोंडाने मांडवीचं पाणी, दुसऱ्या तोंडाने जुवारीचं. तिथे पाणी कधी वळतं ते काठावर उभं राहूनच कळतं.

बेतुलची होडी

सगळे मासा कधी लागतो ह्यावर बोलताय. मला मुखातून बाहेर पडायचं आणि परत आत यायचं असतं, म्हणून मला हा क्रमच मान्य नाही. हवामान पहिलं, भरती दुसरी, असं वेगळं काढताच येत नाही.

साळ नदीच्या मुखावर वाळूचा पट्टा आहे. शापोऱ्यालाही आहे. आग्वादजवळ मांडवीच्या तोंडाशी पावसात तर दर वर्षी. उधाणाची सुकती जोरात बाहेर पडत असते आणि समोरून दर्याची लाट येते. पट्ट्यावर दोघांची गाठ पडते, लाट आखूड होते, उभी राहते आणि फुटते. तीच लाट भरतीला, दोन तास आधी, होडीखालून गुपचूप निघून गेलेली असते. वारा तोच, आभाळ तेच, अंदाजातला लाटेचा आकडाही तोच. मुखावर होड्या उलटतात त्या बऱ्याचदा अशाच वेळी, परत येताना, मासळी भरलेली असताना. म्हणून आम्ही निघायची वेळ बघत नाही, परतायची बघतो आणि तिथून मागे मोजतो.

२०१७ ची दत्तजयंती आठवा. ३ डिसेंबर. ओखी वादळ लांब समुद्रात होतं, गोव्यात ते आदळलं नव्हतं. पण त्याच्या लाटा आणि पुनवेचं उधाण एकाच वेळी आलं आणि पाणी किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये शिरलं. त्या लाटा भांगात आल्या असत्या तर पाणी तितकं वर चढलं नसतं. नुसतं हवामान बघून किंवा नुसती तिथी बघून हे कळलं असतं का?

अंजुण्याची बाय

माझा भाऊ खडकांवरून गळ टाकतो, म्हणून हे लिहिते. उन्हाळ्यात आभाळ निरभ्र असतं, वाऱ्याचा पत्ता नसतो आणि तरी एकदम मोठी लाट खडकावर चढते. ह्या लाटा दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांपासून हजारो किलोमीटर चालत येतात. दोन लाटांत पंधरा सेकंद किंवा जास्त अंतर असतं, आणि मध्ये कितीतरी मिनिटं पाणी अगदी गप्प वाटतं. हैदराबादची इन्कॉइस संस्था लाटांचा अंदाज रोज देते, त्यात उंचीच्या शेजारी हे सेकंदही दिलेले असतात. ते कोणी बघत नाही. फोन नसेल तर निदान खडकावर उतरायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं वर उभं राहून बघा, ओली रेघ कुठवर येते ते. त्या रेघेच्या खाली बसू नका.

आणि मे महिन्यात संध्याकाळी गडगडायला लागलं की कार्बनचा रॉड खाली ठेवायचा आणि निघायचं. त्यातून वीज जाते. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप फुकट आहे.

काणकोणकर, तळपण

ताईंचं बरोबर आहे. पण 'हवामान नाही म्हणालं की विषय संपला' हे वाक्य शौकाने जाणाऱ्याने लिहिलेलं आहे. ४५ ते ५५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा इशारा सगळ्या किनाऱ्याला एकदम येतो. तेरेखोलला ढग दाटलेले असतात आणि आमच्याकडे तळपणला दर्या निवांत असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटी बंद असतात, मासळीला दर असतो, आणि लहान होडीवाल्याला त्याच दिवसांत चार पैसे मिळायचे असतात. प्रत्येक इशाऱ्याला घरी बसलो तर चूल कशी पेटणार? आम्ही गालजीबागच्या बाजूला काळं दिसतं का बघतो, वारा फिरला का बघतो, आणि काठाला धरून राहतो.

सुकतीकर

तुमच्या पोटाचा प्रश्न आहे तिथे मी घरातून उपदेश करणार नाही. इशारा तालुकावार, निदान उत्तर-दक्षिण असा वेगळा मिळायला हवा, ही मागणी रास्त आहे आणि ती जोराने मांडायला हवी. पण ढगाखालचा वारा दहा मिनिटांत येतो. तेवढ्यात तुम्ही काठाला पोचाल, पण मुखातून आत याल का? सुकती लागलेली असेल तर बेतुलच्या भावांनी सांगितलं तेच समोर उभं राहणार. निदान इशाऱ्याच्या दिवशी उधाणाच्या सुकतीत परतायची वेळ येऊ देऊ नका.

गळवाल्यांसाठी माझा क्रम तोच राहतो. त्यांच्या घरी मासळी बाजारातून येऊ शकते.

काणकोणकर

सुकतीचं आम्ही बघतोच, ते सांगायला नको. इशारा आला म्हणजे दर्या बंद, हे मात्र मी मानणार नाही.

बेतुलची होडी

तळपणच्या मुखात आमच्यापेक्षा पाणी कमी आहे. तिथे भांगातसुद्धा पूर्ण सुकतीला तळ लागतो. काणकोणकर बाब, इशाऱ्याच्या दिवशी जाणारच असाल तर सकाळची भरती कधी आहे ते बघून तिच्या आधी तासभर आत या, मासळी असो नसो.

जुना तांडेल

आणि ती वेळ तिथीवरून आदल्या रात्रीच काढून ठेवा.