जागा पडलेला मिंक 'निष्क्रिय' कसा?

परभणी, पशुवैद्यक विद्यार्थिनी:
मिंक म्हणजे मुंगसाच्या बांध्याचा, फरसाठी तारेच्या पिंजऱ्यात पाळला जाणारा मांसाहारी प्राणी. त्याच्या वर्तनाच्या नोंदींवरून वर्गात आमचं वाजलं. निरीक्षक ठरावीक मिनिटांनी पिंजऱ्यांपुढून जातो आणि जनावर त्या क्षणी काय करतंय ते टिपतो. येरझाऱ्या, डोकं गोल फिरवणं या त्रासाच्या खुणा चटकन दिसतात. पण पडलेला दिसला की 'निष्क्रिय' लिहून पुढे! झोपलेला आणि जागा पडलेला, दोघांचे रकाने वेगळेच हवेत. नाहीतर त्रासातलं जनावर आपण कागदावर सुखी करतो.

उदगीर, देवणी पाळणारा:
ताई, माझी देवणी दुपारी लिंबाखाली डोळे उघडे ठेवून पडलेली असते. तिला कंटाळा आलाय म्हणायचं का? दिसतं तेवढंच लिवा.

परभणी:
दादा, तुमची गाय रवंथ करायलीय, तेच तिचं काम. मिंक रवंथ करत नाही. आणि 'कंटाळा' लिहा असं मी म्हणतच नाही. 'पडलेला, डोळे उघडे' हे दिसतंच की. अर्थ नंतर चाचणीतून लावायचा. कॅनडात गुएल्फ विद्यापीठाच्या रिबेका मीगर आणि जॉर्जिया मेसन यांनी २०१२ मध्ये तेच दाखवलं. रिकाम्या, म्हणजे खेळायला काही नसलेल्या पिंजऱ्यातले मिंक काहीही नवं दिसलं की लगेच पुढे यायचे. ज्या चामडी हातमोज्यांनी त्यांना धरतात, त्या हातमोज्यांकडेसुद्धा! आणि जागे पडून राहणंही याच पिंजऱ्यांत जास्त. मन मेलेलं जनावर असं धावत येईल का?

लातूर, निवृत्त पशुवैद्य:
चाचणी चांगली आहे, रकान्याला माझा विरोध आहे. माणूस समोर आला की मिंक एकतर झोपायच्या पेटीत शिरतो, नाहीतर जाळीला येतो. डोळे अर्धवट मिटलेले असले तर एक निरीक्षक 'झोप' लिहील, दुसरा 'जागा'. येरझाऱ्यांवर दोघांचं एकमत होतं. तेवढ्याच मोजा.

परभणी:
सर, येरझाऱ्या खाणं येण्याआधी वाढतात. मोजायची वेळ बदलली की त्याच पिंजऱ्याचा आकडा बदलतो. आणि येरझाऱ्या न घालता दिवसभर पडून राहणाऱ्याचं काय? तो तुमच्या तक्त्यात कुठेच येत नाही. डोळ्यांचा घोळ कॅमेरा लावून कमी करता येईल. अवघड आहे म्हणून नोंदच गाळायची, हे मला पटत नाही.

उदगीर:
देवणीचं माझं म्हणणं कायम आहे. पण दावणीला बारा महिने बांधलेली एक म्हैस आहे, ती जीभ गोल गोल फिरवत उभी राहते. आम्ही खोड म्हणून सोडून दिलं होतं. संध्याकाळी तिच्यापुढं नवं घमेलं ठेवून बघतो.