एफ-टू दाबल्यावर फाइलचे नाव बदलत नाही : ऑफिसच्या नव्या लॅपटॉपबाबत

*खजिनदार, ए-२०३ :* नमस्कार. सोसायटीच्या ऑफिसातल्या नव्या लॅपटॉपवर मेंटेनन्सच्या पावत्या स्कॅन करून प्रत्येक फाइलला फ्लॅट नंबर आणि महिना असे नाव द्यायचे काम सुरू आहे. जुन्या कॉम्प्युटरवर फाइल निवडून एफ-टू दाबले की नाव बदलता येत असे. इथे मात्र आवाज कमी होतो. फाइलच्या नावाचे पहिले अक्षर दाबल्यावर कर्सर त्या फाइलवर जायचा, तेही आता होत नाही. कीबोर्ड सदोष समजून लॅपटॉप परत करावा का?

*सी-५०४ :* परत करण्याची घाई करू नये, कारण ही दोन वेगवेगळी कारणे दिसतात आणि दोन्ही सेटिंगची आहेत. बहुतेक नव्या लॅपटॉपवर वरच्या रांगेतली बटणे आधी आवाज, प्रकाश वगैरेंसाठी चालतात आणि एफ-टू म्हणून वापरायची असतील तर खालचे एफएन बटण धरून ठेवावे लागते. अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबले की ही अदलाबदल कायमची होते. एस्केपवर लहान कुलपाचे चित्र असेल तर तीच त्याची खूण. पहिल्या अक्षराचे म्हणाल, तर नोटीस मराठीत टाइप केल्यानंतर विंडोजमध्ये भाषा मराठीच राहिली असावी. फाइलची नावे इंग्रजीत आणि आपण दाबतो ते अक्षर देवनागरीत, त्यामुळे जुळणारी फाइल सापडत नाही. विंडोज आणि स्पेसबार दाबून भाषा बदलून पाहा.

*खजिनदार, ए-२०३ :* दोन्ही उपाय लागू पडले, मनापासून आभार. मात्र आता मधूनच एफ-टू दाबल्यावर फाइलऐवजी डावीकडच्या ‘पावत्या’ या अख्ख्या फोल्डरचे नाव बदलायला निघते.

*सी-५०४ :* हे नीट समजून घेणे फार गरजेचे आहे. डावीकडच्या यादीत फोल्डरवर क्लिक केले की उजवीकडे त्यातल्या फाइली दिसतात, पण बटणांचा हुकूम अजून डावीकडच्या फोल्डरलाच लागू असतो. अशा वेळी एफ-टू दाबले तर फारसे बिघडत नाही, एस्केप दाबून बाहेर पडता येते. डिलीट दाबले तर मात्र संपूर्ण फोल्डर आतल्या फाइलींसह रिसायकल बिनमध्ये जातो. म्हणून उजवीकडच्या एखाद्या फाइलवर एकदा क्लिक करावे, किंवा ती निवडलेली दिसेपर्यंत एफ-सिक्स दाबत जावे, आणि मगच पुढचे बटण दाबावे. चुकून काही झालेच तर दुसरे काहीही करण्याआधी तिथेच कंट्रोल-झेड दाबावे, म्हणजे बदललेले नाव किंवा गेलेला फोल्डर परत येतो. पेन ड्राइव्हवरची फाइल मात्र साधारणपणे रिसायकल बिनमध्ये न जाता थेट पुसली जाते, आणि शिफ्ट-डिलीटने तर हार्ड डिस्कवरचीही जाते; तिथे कंट्रोल-झेडच्या भरवशावर राहू नये.

*बी-१०१ :* माझ्याकडे मॅक आहे. त्यावर फाइल निवडून रिटर्न दाबले की नाव बदलता येते, आणि उघडायला कमांड-ओ लागते. विंडोजची सवय असलेल्यांना हे उलटे वाटते, पण तो बिघाड नव्हे.

*सचिव, ए-७०१ :* काल आमच्या ऑफिसातल्या ताईंनी सांगितले की कधी कधी बटण हलके दाबले तर काहीच उमटत नाही, जरा वेळ धरून ठेवले तरच अक्षर येते. हेही सेटिंगच असेल का?

*सी-५०४ :* बहुधा फिल्टर कीज चालू झालेले आहे. उजवे शिफ्ट ८ सेकंद धरले की विंडोज त्याची चौकट दाखवते आणि न वाचता ‘होय’ म्हटले की पटकन दाबलेली बटणे दुर्लक्षित होऊ लागतात. हात थरथरणाऱ्यांना ही सोय खरोखरच उपयोगी आहे, इतरांना मात्र कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथे ते बंद करावे. शिफ्ट लागोपाठ ५ वेळा दाबल्यावर येणारी चौकट स्टिकी कीजची असते. ती आली तर ‘नाही’ म्हणावे.

*खजिनदार, ए-२०३ :* फिल्टर कीज चालूच निघाले, आता बंद केले आहे. लॅपटॉप परत करायचा नाही. उरलेल्या पावत्यांना नावे देण्याआधी संपूर्ण फोल्डरची एक प्रत सचिवांच्या कॉम्प्युटरवर ठेवतो.