पूर ओसरला, पण मुले अजून धास्तावलेली आहेत: शाळेने नेमके काय करावे?

प्रश्न: सीनाकाठची शिक्षिका (परांडा तालुका, धाराशिव)

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सीना नदीला आलेल्या पुरात आमच्या गावाचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. माणसे वाचली, परंतु दावणीची जनावरे दावणीलाच गेली, काढणीला आलेले सोयाबीन जागेवर कुजले आणि नदीकाठच्या शेतांतली माती खरवडून गेली. मी येथील जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा नियमित भरू लागली आहे. दप्तरे, वह्या, गणवेश ही सर्व मदत वेळेवर आली आणि त्याबद्दल गाव कृतज्ञ आहे. मुलांच्या मनावर झालेल्या परिणामांचे काय करायचे, हे मात्र आम्हाला कोणी सांगितलेले नाही, म्हणून येथे विचारत आहे.

तिसरीतली एक मुलगी आभाळ भरून आले की शिकवणे चालू असतानाच दप्तर भरते आणि वर्गाच्या दाराशी जाऊन उभी राहते. त्या रात्री तिचे कुटुंब घराच्या पत्र्यावर बसून होते. ती आता झोपेत अंथरूण ओले करते, असे तिची आई मला बाजूला घेऊन सांगून गेली. सातवीतला एक मुलगा तर पूर्वी वर्गात सर्वांत जास्त बोलणारा होता. घरच्या दोन म्हशींची धार तोच काढायचा. त्या दोन्ही वाहून गेल्या. आता तो आठवड्यातून दोन-तीन दिवसच येतो, पोट दुखते म्हणतो आणि वर्गात डुलक्या घेतो. मी एकटे गाठून विचारले तेव्हा म्हणाला, "बाबा रात्री झोपत नाहीत, म्हणून मी पण जागा राहतो. त्यांच्यावर लक्ष ठेवायला." वडिलांवर सोसायटीचे आणि खासगी, असे दोन्हीकडचे कर्ज आहे.

माझ्यापुढे तीन प्रश्न आहेत. शहरातील एक गट एका दिवसाचे समुपदेशन शिबिर घेऊ इच्छितो, ज्यात प्रत्येक मुलाने पुराच्या रात्रीचा अनुभव सर्वांसमोर सांगावा, अशी त्यांची कल्पना आहे. ते घ्यावे का? दुसरे, मोठ्या मुलांना पुण्याच्या वसतिगृहात नेण्याचा एक प्रस्ताव आला आहे आणि पालक द्विधा मनःस्थितीत आहेत. तिसरे, तालुक्याला मनोविकारतज्ज्ञ नसताना आम्ही कोणाकडे जावे?

उत्तर १: मनोसामाजिक कार्यकर्ता, शासकीय रुग्णालय

मॅडम, आपण लिहिलेल्या दोन मुलांपैकी सातवीतल्या मुलाबद्दल मी आधी लिहितो, कारण ते काम उद्यावर टाकण्यासारखे नाही. बारा-तेरा वर्षांचा मुलगा वडिलांवर रात्रभर पहारा देतो, याचा अर्थ त्याने घरात काहीतरी ऐकले किंवा पाहिले आहे. त्याला शांतपणे आणि स्पष्ट शब्दांत विचारा, "बाबा जिवाचे काही बरेवाईट करतील अशी भीती वाटते का? ते तसे काही बोलले का?" असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट एकट्याने वाहिलेले ओझे कोणाला तरी सांगता येते. "तुझ्या मनातही तसे काही येते का?" हेही त्याच बैठकीत विचारावे. हे कोणाला सांगणार नाही असे वचन मात्र देऊ नका. "बाबांना मदत मिळावी म्हणून मी आशाताईंशी आणि डॉक्टरांशी बोलणार आहे. रात्री जागून लक्ष ठेवणे हे तुझे काम नाही, ते आता आम्ही मोठी माणसे पाहू," असे सांगा आणि ते खरोखर पाहा.

वडिलांसाठी रस्ता आहे. शेतकरी कुटुंबांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेला 'प्रेरणा प्रकल्प' मराठवाडा आणि विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी आहे आणि त्यात आपला जिल्हा येतो. आशा स्वयंसेविका घरोघरी जाऊन ठरावीक प्रश्नांच्या आधारे नैराश्याची लक्षणे पाहतात आणि त्या व्यक्तीला पुढे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाकडे पाठवतात. आपल्या गावच्या आशाताईंना या घरी आजच पाठवा. घरात कीटकनाशके कोठे ठेवली आहेत हे पाहून ती घराबाहेर, कुलपात किंवा विश्वासू शेजाऱ्याकडे हलवण्यास मुलाच्या आईला सांगा. संकटाच्या त्या काही तासांत विष हाताशी नसणे हा जीव वाचवणारा सर्वांत साधा उपाय आहे. टेली-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते आणि तो विनामूल्य आहे. वडील फोन करायला तयार नसतील तर आईने किंवा आपण करून सल्ला घेतला तरी चालतो. वडील जिवाचे बरेवाईट करण्याबद्दल बोलले असतील, तर त्यांना एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात आणावे.

आता शिबिर. प्रत्येक मुलाला सर्वांसमोर त्या रात्रीबद्दल बोलायला लावू नये, असे माझे ठाम मत आहे. आपत्तीनंतर एकाच बैठकीत लोकांकडून अनुभव वदवून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने नाकारलेली आहे, कारण त्याने पुढचा त्रास टळत नाही आणि काहींना अपायही होऊ शकतो. त्याच संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका तीन क्रियांवर उभी आहे: पाहणे, ऐकणे आणि योग्य मदतीशी जोडून देणे. मूल स्वतःहून बोलले तर शेवटपर्यंत ऐकावे, नाही बोलले तर खोदून विचारू नये. त्या गटाचा हेतू चांगला आहे, म्हणून त्यांना दुसरे काम सुचवा: दर शनिवारी येऊन मुलांशी खेळणे, आणि हे किमान शाळेचे वर्ष संपेपर्यंत.

तिसरीतल्या मुलीचे वागणे अशा प्रसंगानंतर पुष्कळ मुलांत दिसते. सुटलेली सवय परत येणे, आईला चिकटून राहणे, पावसाच्या आवाजाने दचकणे हे बहुतेक मुलांत घरचे आणि शाळेचे वेळापत्रक पूर्ववत झाल्यावर हळूहळू ओसरते. अंथरूण ओले केल्याबद्दल तिला रागावू नये आणि भावंडांना चिडवू देऊ नये, एवढे आईला जरूर सांगा. महिना उलटून गेल्यावरही त्रास कमी न होता वाढत असेल, मूल जेवत-झोपत नसेल, बोलणेच बंद केले असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा मरणाचा विषय काढत असेल, तर तज्ज्ञांकडे आणावे. आपल्याकडच्या पुराला महिना होऊन गेला आहे, म्हणून या मुलीकडे आणखी दोन-तीन आठवडे बारीक लक्ष ठेवा आणि फरक दिसला नाही तर थांबू नका.

तज्ज्ञ तालुक्याला नसला तरी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळा तपासणीला येते. त्यांना या दोन्ही मुलांची नावे आधीच कळवून ठेवा. आणखी एक गोष्ट फार थोड्या शाळांना ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तेथे पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करून ठेवावी, असे त्यांत म्हटले आहे. शिक्षकांना मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण वर्षातून किमान दोनदा द्यावे, असेही आहे. या निकालाचा दाखला देऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा आणि पोच घ्या.

उत्तर २: कृष्णाकाठचा मुख्याध्यापक (पलूस तालुका, सांगली)

ताई, ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये आमची शाळा पाण्यात होती. वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. त्यात केवळ वर्गात करता येण्यासारखी एक गोष्ट जोडतो.

२०२१ नंतरच्या पावसाळ्यात आमच्या मुलांची अवस्था तुमच्या तिसरीतल्या मुलीसारखीच होती. "काही होत नाही, घाबरू नका" हे आमचे सांगणे त्यांना पटत नव्हते, आणि का पटावे? मागच्या वर्षी गावातली मोठी माणसेही तेच म्हणत होती. मग आम्ही सांगलीच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी रोज परिपाठानंतर फळ्यावर लिहायला सुरुवात केली. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, आजची पातळी अमुक, म्हणजे इशाऱ्याला अजून इतके फूट बाकी. ही वजाबाकी पाचवीची मुले करायची आणि लहानांना समजावून सांगायची. कोयनेतून विसर्ग किती सुरू आहे, ते पाणी आपल्यापर्यंत यायला साधारण किती वेळ लागतो, हेही त्यांना कळू लागले. काळा ढग दिसला की रडू लागणारी मुले हळूहळू "सर, आज किती फूट?" असे विचारू लागली. भीती पूर्ण गेली असे मी म्हणणार नाही, परंतु तिला एक माप मिळाले.

सीनेला अशी सर्वांना पाठ असलेली पातळी नसेल, तरी सीना-कोळेगाव प्रकल्पाच्या विसर्गाची सूचना तहसील कार्यालयाकडून शाळेला मिळण्याची व्यवस्था करून घ्या. गावातल्या एखाद्या पक्क्या भिंतीवर यंदाच्या पाण्याची खूण मुलांच्या हातून रंगवून घ्या. पाणी आले तर कोणी कोणत्या वाटेने कोणत्या उंच जागी जायचे, लहान भावाला कोणी घ्यायचे, गुरांचे दावे कोणी सोडायचे, हे ठरवून त्याची तालीम करा. तुमच्या त्या मुलीला दप्तर भरू द्या, तिला अडवू नका. त्या तालमीत तिलाच तिच्या रांगेची प्रमुख करा. आणि म्हशी गमावलेल्या मुलाला त्या म्हशींबद्दल बोलू द्या. शेतकऱ्याच्या घरातले जनावर गेले की मोठी माणसे पंचनाम्यात आणि भरपाईत गुंततात. पोराने ज्यांना नावाने हाक मारली होती त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही.

उत्तर ३: किल्लारी परिसरातील एक वाचक

वसतिगृहाच्या प्रश्नावर मी लिहितो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, म्हणजे गणपती विसर्जनानंतर काही तासांनी, भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होतो. त्यानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. माझ्या बरोबरीची काही मुले गेली, मी गावीच पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. गेलेल्यांपैकी अनेक जण शिकले, नोकरी-व्यवसायात स्थिरावले आणि आजही एकमेकांना धरून आहेत. म्हणून मुलांना बाहेर नेणे वाईटच, असे मी म्हणणार नाही.

परंतु किल्लारीत असंख्य घरे माणसांसकट गेली होती. कित्येक मुलांना सांभाळायलाच कोणी उरले नव्हते. तुमच्याकडे आई-वडील आहेत, शाळा उभी आहे. अशा वेळी सातवीच्या मुलाला दूर पाठवले, तर घराची काळजी त्याच्याबरोबर जाते आणि वडील दिसेनासे झाल्याने ती वाढते. जो मुलगा बापासाठी रात्र जागतो, त्याला पुण्यात झोप कशी लागेल? पाठवायचेच असेल तर मुलाची स्वतःची इच्छा विचारावी, भावंडांची ताटातूट करू नये, घरी रोज बोलता यावे, आणि निर्णय संकटाच्या भरात न घेता नव्या शैक्षणिक वर्षापर्यंत थांबवावा.

आमच्या बाबतीत सर्वांत जास्त बोचली ती बाहेरून येणाऱ्यांची विचारपूस. "तुझ्या घरातले किती गेले?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की पुढे पुढे मी कोणी पाहुणे दिसले की शेडच्या मागे जाऊन बसत असे. आमच्या गुरुजींनी मात्र आठवडाभरात लिंबाच्या झाडाखाली वर्ग भरवला आणि पहिल्या दिवशी फक्त पाढे म्हणून घेतले. सगळ्यांनी मिळून मोठ्याने पाढे म्हणताना आदल्या आठवड्यातली शाळा परत आल्यासारखे वाटले होते, हे मला अजून आठवते. मदत वाटपाच्या वेळी मुलांचे फोटो काढू देऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर ४: विद्यार्थी साहाय्यक, पुणे

गावाबाहेर शिकणाऱ्या तरुणांकडेही लक्ष असू द्यावे. मराठवाड्यातून येथे आलेली, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली पुरानंतर घरून पैसे मागायला संकोचतात, एक वेळची मेस बंद करतात आणि "घर बुडाले असताना मी येथे पुस्तक घेऊन बसलो आहे" या विचाराने आतल्या आत खंगतात. आई-वडीलही काळजी वाटू नये म्हणून फोनवर सर्व ठीक असल्याचे सांगतात आणि खरी परिस्थिती त्यांना गावातल्या मित्रांच्या चित्रफितींतून कळते. घरी काय उरले आहे आणि पुढच्या चार महिन्यांचे कसे ठरले आहे, हे त्यांना सरळ सांगावे. मॅडम, आपल्या शाळेतून पुढे गेलेल्या मुलांना आपण एक फोन केलात, तर त्याचे मोल मोठे असेल.

प्रश्नकर्त्या शिक्षिका पुन्हा

सर्वांची मनापासून आभारी आहे. त्या मुलाशी काल बोलले. वडिलांच्या तोंडून त्याने "आता जगून काय करायचे" हे शब्द ऐकले होते. मी आणि आशाताई संध्याकाळी घरी गेलो. आईने फवारणीचे डबे माझ्यासमोरच दिराच्या वखारीत कुलपात ठेवले. वडील आधी काही बोलेनात, नंतर बराच वेळ बोलले. पुन्हा तसे म्हणाले नाहीत, परंतु उद्या सकाळी ते आणि त्यांचे धाकटे बंधू जिल्हा रुग्णालयात जाण्यास तयार झाले आहेत. रात्री दीर त्यांच्याजवळच झोपणार आहेत. मुलासमोर हे सर्व ठरवावे की त्याला वगळावे, हे मला कळत नव्हते.

उत्तर १ देणारे

मुलाला सांगा. कोण सोबत जाणार आहे, रात्री वडिलांजवळ कोण झोपणार आहे, डबे कोठे आहेत, हे त्याला माहीत असले तरच तो झोपू शकेल. त्याच दिवशी आणावे असे मी लिहिले होते, म्हणून आज रात्री त्यांना एकटे सोडू नका आणि ते पुन्हा तसे बोलले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात आणा. नाहीतर उद्या त्यांना जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात पाठवा आणि केसपेपर काढताना शाळेने पाठवल्याचे सांगायला लावा. पहिल्या भेटीनंतर औषधे सुरू झाली तर गुण यायला काही आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांत फरक नाही म्हणून ती बंद करू नयेत, हे त्यांच्या बंधूंना आधीच समजावून ठेवा. पुढच्या तपासणीची तारीख आपल्या वहीत लिहून घ्या.