फ्रेंचमधले सत्तर ते नव्व्याण्णव कानाला कसे बसवायचे?

धोटा (साखर पेठ, सोलापूर)
नमस्कार मंडळी. दीड वर्ष झालं, घरीच फ्रेंच शिकतेय. कशासाठी, असं सगळेच विचारतात, म्हणून आधी तेच सांगते. वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते. डबा द्यायला गेले की वरची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं बघत उभी राहायचे. भोक आलं की सुई आत जाते आणि तेवढा ताणा उचलला जातो, भोक नसेल तर तो खालीच राहतो. असं कार्डामागून कार्ड सरकत खाली चादरीवर मोर उमटायचा. वडील त्याला जकार्ड म्हणायचे. ते फ्रान्समधल्या लिओं शहरातल्या जोसेफ मारी झाकार या माणसाचं आडनाव आहे आणि त्याचं यंत्र १८०४ सालचं आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तेव्हापासून या भाषेची ओढ लागली. मागाला ते 'मेतिए आ तिसे' म्हणतात, आणि नुसतं 'मेतिए' म्हणजे आपला धंदा, हातातलं काम. हा शब्द वाचला त्या दिवशी वडील फार आठवले.

आता अडचण. वाचलेलं कळतं, पण ऐकताना आकडे निसटतात. फ्रान्समध्ये फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करून सांगतात. 'स्वासाँत' म्हणजे साठ ऐकलं की मी लगेच ६ लिहिते, पाठोपाठ 'कँझ' म्हणजे पंधरा येतं आणि तो ७५ निघतो. खोडून लिहीपर्यंत पुढची जोडी गेलेली असते. पुण्याला जाऊन डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची ए-२ पातळी द्यायची आहे. काय करू?

जोंधळा (मंगळवेढा)
ताई, तुमच्या घरातल्या जुन्या बायका गोवऱ्या कशा मोजायच्या ते आठवा. आमची आजी शाळेत गेली नव्हती. वीस झाल्या की एक खडा बाजूला ठेवायची. ऐंशीला ती 'चार इसा' म्हणायची, नव्वदला 'चार इसा नि धा'. फ्रेंचचं 'कात्र-व्हँ' म्हणजे शब्दाला शब्द चार वीस. नव्वद म्हणजे 'कात्र-व्हँ-दिस', चार इसा नि धा! सत्त्याण्णव म्हणजे चार इसा नि सतरा. आजी हयात असती तर तिला हे एका दमात कळलं असतं.

पॅरिसमध्ये डोळ्यांचं एक जुनं रुग्णालय आहे, त्याचं नाव 'कँझ-व्हँ', म्हणजे पंधरा इसा. तेराव्या शतकात नवव्या लुई राजाने तीनशे अंधांच्या निवाऱ्यासाठी ते काढलं, म्हणून हे नाव. तेव्हा तिथेही विसा-विसानेच मोजत असणार.

म्हणून 'स्वासाँत' किंवा 'कात्र-व्हँ' कानावर आलं की पेन उचलून धरा. साठ आणि ऐंशी या दोन ठिकाणी पुढे एक ते एकोणीस काहीही येऊ शकतं. शेपूट ऐकल्याशिवाय पहिला आकडा लिहायचा नाही.

पाव्हणा (सध्या पुणे, मूळ अक्कलकोट)
वरचं अगदी बरोबर. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला सरळ 'सेप्ताँत' आणि नव्वदला 'नोनाँत' म्हणतात, पण परीक्षेसाठी फ्रान्सची पद्धत कानात मुरायलाच हवी. डेल्फमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण असतात. १०० पैकी ५० ला पास, मात्र एकाही भागात ५ च्या खाली जायचं नाही.

मी कामानिमित्त दोन वर्षं लिओंला होतो. ताई, क्रुआ-रूस नावाच्या टेकडीवर विणकरांची जुनी घरं अजून आहेत. छत जवळजवळ चार मीटर उंच, कारण झाकारचा माग त्याशिवाय मावायचा नाही. त्याच घरात माग, तिथेच चूल, तिथेच पोरांचं झोपणं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आपल्या हातमागवाल्यांची घरं मी लहानपणी पाहिली होती, त्यामुळे तिथे पाय निघेना. मजुरीच्या दरावरून १८३१ मध्ये हेच विणकर उठले होते. 'काम करत जगू, नाहीतर लढत मरू' हे त्यांचं ब्रीद.

आणि एक. दुकानात शिरताच आधी 'बाँझूर' म्हणायचं, मग काय हवं ते विचारायचं. मी पहिल्या दिवशी बेकरीत थेट पाव मागितला आणि बाईंचा चेहरा बदलला. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी 'या, बसा' म्हणतो, त्यातलाच तो मान आहे.

धोटा (साखर पेठ, सोलापूर)
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री आईला शेजारी बसवलं. मी नंबर ऐकायचे आणि तिला इशांत सांगायचे, 'तीन इसा नि पंधरा', 'चार इसा नि अकरा'. ती बोटांवर धरून मराठीत आकडा सांगायची, मग मी लिहायचे. दहापैकी आठ नंबर पूर्ण बरोबर आले. चुकलेल्या दोन्हींत ९० नंतरचे आकडे होते, ते आज पुन्हा घेणार.

पाव्हणादादा, धोट्याला, म्हणजे मागावर आडवा दोरा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनाला, ते 'नाव्हेत' म्हणतात, मुळात छोटी नाव. तुम्ही तिथे असताना बसथांब्यावर हा शब्द पाहिला असेल, ये-जा करणाऱ्या बसलाही तोच आहे. क्रुआ-रूसच्या त्या घरांचे फोटो असतील तर टाकाल का? आईला दाखवायचे आहेत.